रविवारची सुट्टी

कळंब्याच्या तलावाकाठी सोमवारच्या सरावात रक्षिता पुन्हा सगळ्यांच्या मागे राहिली, तसे घोडके सर तिच्यावर खेकसले, “शनिवारी वाऱ्यागत पळतीस आणि सोमवारी पाय उचलंनात! रविवारी करतीस काय? सुट्टी दिली म्हणून गावभर हुंदडतीस व्हय?”

रक्षिता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

“राज्य स्पर्धा तोंडावर आलीया. आठवड्याचा सराव मी काय उगंच आखलाय? एक दिवस पायांना आराम पायजे म्हणून तुमच्या घरी येऊन तुझ्या आप्पांना बजावलं, रविवारी पोरीला सुट्टी. सांगितलं का न्हाई?”

“सांगितलासा की!” रक्षिता एकदम उसळली. “ते ऐकूनच आप्पांनी गोठ्यातल्या गड्याला रविवारी येऊ नको म्हटलं. पोरगी दिवसभर मोकळीच हाय म्हणाले. शेण काढायचं, वैरण कापून डोक्यावरनं आणायची, म्हशी धुवायच्या, समदं माझ्याच गळ्यात. सुट्टी गड्याला मिळाली सर, मला न्हाई!”

सरांचा आवाज खाली आला. “आज संध्याकाळी घरी येतो. आप्पांशी बोलतो.”

“आता सुट्टी हा शब्द बी काढू नकासा त्यांच्यापुढं!” ती ओरडली. “रविवारीबी सराव हाय म्हणून सांगा, आणि हितं झाडाखाली झोपू द्या मला.”