शाळू माहेर सोडंना

‘ज्वारी कापणीची गाणी, नगर जिल्हा.’

सुकन्यानं पुन्हा तेच टाईप केलं आणि मोबाईल पाण्याच्या टाकीवर उंच धरला. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या वस्तीवर रेंज यायची ती टाकीपाशीच, आणि तीही घटकाभर. सकाळी पुण्याहून तिच्या मार्गदर्शक सरांचा मेसेज आला होता : ‘प्रबंधातलं हे गाणं फक्त तुमच्या आत्यांच्या तोंडी आहे. एकाच बाईचं गाणं पुरावा होत नाही. उद्यापर्यंत दुसरी नोंद दाखवा, नाहीतर हे प्रकरण वगळा.’

चाळीस पानांचं प्रकरण. आत्याचं सगळं गाणं त्यात होतं.

मोबाईलवर नऊवारी नेसलेल्या पोरी चकचकीत विळे उंचावून नाचायला लागल्या. लिंबाखाली हरभरा निवडत बसलेल्या लंकाबाईनं मान लांब करून बघितलं.

“ह्या कुनाच्या वऱ्हाडात निघाल्यात?”

“कापणीचं गाणं म्हणतायत, आत्या.”

“कशाची कापनी?”

“ज्वारीची.”

लंकाबाईनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यांनी दोन वर्षांपासून तिला रान बंद केलं होतं. जीभ मात्र अजून बांधाबांधानं हिंडत होती. “धाव्वीपतूर माझ्यासंगं रानात येत हुतीस नव्हं तू? कवा इळा दिला का गं तुज्या हातात ज्वारीला?”

सुकन्याचा अंगठा जागीच थांबला. बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या तिला आठवल्या. पाय रोवायचे, दोन्ही हातांनी ज्वारीचं ताट बुंध्याशी धरायचं, ओढायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची. इथं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. हे तिच्या तळव्यांना ठाऊक होतं. पण लायब्ररीतल्या पुस्तकांत ‘कापणी’ होतं, म्हणून तिनं चाळीस पानं ‘कापणी’च लिहिलं होतं.

“पुन्याचं पानी,” लंकाबाई म्हणाली, “दुसरं काय.”

सुकन्यानं सगळं खोडलं आणि ‘ज्वारी उपटणी’ एवढंच लिहिलं.

गाणी एका फटक्यात नाहीशी झाली. बाजारभाव आले, मजूर पाहिजेतच्या जाहिराती आल्या, काढणी यंत्रं आली. सुकन्यानं एकेक उघडून कान लावला. यंत्राची घरघर. पुढचं. खतवाला बोलतोय. पुढचं. ऊन टाकीवरून सरकून तिच्या मानेवर आलं.

“जेवून घे, मग हुडक.”

“रेंज थांबायची नाही आत्या माझ्या जेवणासाठी.”

“तुजा बाप आसाच हुता. बैल सुटला की भाकर ठिवून रान पालथं घालायचा.”

चौथ्या पानावर, अगदी तळाला, एक व्हिडिओ होता. अकरा वर्षांपूर्वीचा, त्रेचाळीस जणांनी बघितलेला. ‘शाळू उपटणी प्रात्यक्षिक, भाग दोन.’ शाळू म्हणजे रब्बीची ज्वारीच; गाण्याचा उल्लेख मात्र कुठंच नव्हता. कॅमेरा जमिनीलगत धरलेला; पडद्यावर काळी माती, ज्वारीची ताटं आणि चिंध्या बांधलेले बायांचे हात. कृषी खात्यातला कुणी माणूस ठणठणीत आवाजात सांगत होता, “शेतकरी बंधूंनो, मुळाला चिकटलेली माती पहा…”

त्याच्या आवाजामागं काहीतरी होतं. सुकन्यानं मोबाईल कानाला दाबला.

शाळू माहेर सोडंना, मुठीत धरली माती,
वावरी मांडव पडला, बाई, वऱ्हाड थांबलं किती…

तिनं अख्खा व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून घेतला. ती धावत लिंबाखाली आली आणि आत्याच्या कानाशी मोबाईल धरला. लंकाबाई डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिनं नाक मुरडलं.

“वावरी न्हाई, खळ्यात. खळ्यात मांडव पडला. शेवगावकडच्या आसतील. त्यांचं कायम आसंच.”

“म्हणजे हेच ना गाणं?”

“मग काय तर. चाल बघ की. मी का मनानं रचलं व्हय?”

सुकन्यानं मिनिट, सेकंद लिहून घेतलं, व्हिडिओचा पत्ता सरांना पाठवला. खाली लिहिलं : ‘गाव वेगळं, एक शब्द वेगळा, गाणं तेच.’ मेसेज कितीतरी वेळ गोल गोल फिरत राहिला. ती पुन्हा टाकीकडं पळाली, चवड्यांवर उभी राहिली, हात ताणून धरून राहिली. गेला.

“आता बंद कर,” असं आत्या म्हणेल असं तिला वाटलं होतं. लंकाबाई म्हणाली, “आन हिकडं. पुढं चालू दे.”

दोघी एका मोबाईलवर वाकल्या. मुळांच्या लांबीबद्दल बोलता बोलता तो माणूस अडखळला. मग कॅमेरा न हलवता म्हणाला, “ओ बाई, जरा गप बसा की. रेकॉर्डिंग चालू हाय.”

गाणं तुटलं. आता नुसता वारा ऐकू येत होता. पडद्यावरच्या हातांनी एक ताट धरलं, ओढलं, ते मधेच मोडलं. शेजारच्या हातांनी ओढलं, तेही मोडलं. मग सगळे हात ताटांवर तसेच थांबले.

“काय झालं? चालू ठेवा काम,” माणूस म्हणाला.

न दिसणाऱ्या बायांमधून एकजण हसली. “सायेब, तुमीच गप बसा म्हनला न्हवं. गान्याबिगर शाळू माती सोडत न्हाई.”