फळीवरची रेघ

आर्किटेक्टबाईंनी फोनवर इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "भिंतीवर ही रेघ कसली आहे?"

थ्रीडीवाल्याने चित्र मोठं करून पाहिलं. सबंध लाकडी घर. जागेवर अजून एक खिळाही ठोकलेला नव्हता, पण पडद्यावर ते ऐटीत उभं होतं. व्हरांड्यात ऊन, खिडकीला पडदा. आणि दर फळीवर, एकाच उंचीवर, पेन्सिलीची बारीक आडवी रेघ.

चूक त्याचीच होती. लाकूड खरं वाटावं म्हणून तो खऱ्या फळीचा फोटो मापात बसवून वापरायचा. एक फळी दिली की कॉम्प्युटर तीच घरभर लावतो, तिच्यावर जे काही असेल त्यासकट. ही फळी त्याच्या जुन्या भाड्याच्या घराच्या दाराची. घर सोडताना दार काही नेता येईना, म्हणून त्याने फोटो काढून घेतला होता.

लहानपणी आई त्याला त्या दाराशी उभं करून डोक्यावर पेन्सिल टेकवायची. त्या रेघा वर वर चढत गेल्या. पुढे वयाने आई वाकली, तेव्हा ती हट्टाने स्वतःच दाराला पाठ लावून उभी राहायची. "आता माझं माप घे. बघू दे किती उतरले." या रेघा खाली खाली आल्या. फोटोतल्या सगळ्या त्याने पुसल्या होत्या. शेवटची नजरेतून सुटली होती. की त्यानेच सोडली होती, ते आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पाच वाजता क्लायंटला दाखवायचंय, बाई म्हणाल्या. तेवढी रेघ पुसा, आणि चार माणसं टाका, घर अगदी ओकंबोकं वाटतंय.

रेघ पुसायला मिनिटही लागलं नाही. भिंत स्वच्छ झाली.

माणसं त्याच्याकडे ढीगभर होती, फोटोतून कापून ठेवलेली. कॉफी पिणारं जोडपं, धावणारी मुलं, एक लाडावलेला कुत्रा. दिवसभर तो परक्यांच्या घरांत माणसं भरायचा आणि स्वतः मंगळवारपासून या फोनखेरीज कुणाशी बोलला नव्हता. जोडप्याला त्याने व्हरांड्यात बसवलं, मुलं अंगणात सोडली. मग दाराशी एक बाई उभी केली, पाठमोरी, साधीशी. त्याच्या संग्रहातल्या सगळ्या बायका एकाच मापाच्या, पाच फूट चार इंच. तिला तो हळूहळू कमी करत गेला, रेघ होती तिथे तिचं डोकं येईपर्यंत. चार फूट आठ. चित्र पाठवून तो खुर्चीतच बसून राहिला.

साडेचारला पुन्हा फोन आला. बाकी सगळं झकास झालंय, बाई म्हणाल्या.

"पण ती दारातली बाई मापात चुकलीय. फारच बुटकी दिसते. मोठी करा, नाहीतर काढून टाका."

त्याने पडद्याकडे पाहिलं.

"माप बरोबर आहे," तो म्हणाला. "मीच घेतलं होतं."