पहिला घोट

विद्यापीठाच्या विकास अधिकाऱ्याने बाईंसाठी पायघड्या घालायच्याच तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. बाई इथल्याच जुन्या विद्यार्थिनी, आता मोठ्या उद्योजिका. त्यांनी मनावर घेतलं तर नवं सभागृह उभं राहणार होतं. टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत त्याने दर्शनी भिंत दाखवली. "तुमचं नाव इथे, मॅडम. पार फाटकातून दिसेल."

भर उन्हात सगळा परिसर पायी हिंडून झाला होता. त्याने पाण्याचा ग्लास पुन्हा पुढे केला, बाईंनी पुन्हा हसून नको म्हटलं. मोठ्या लोकांची मोठी नाटकं, त्याच्या मनात आलं.

"बाटलीबंद मागवू का?"

"नको हो. या आवारात पाणी प्यायची सवयच नाही मला. तीन वर्षं शिकले इथे. सकाळी घरून निघाले की पहिला घोट संध्याकाळी घरी गेल्यावरच." त्या प्रतिकृतीवर वाकल्या. "यात मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे?"

त्याचं बोट सभागृहावरून वाहनतळाकडे गेलं, तिथून बागेकडे, आणि शेवटी कारंज्यापाशी येऊन थांबलं.

"मग आधी ते बांधा," बाई म्हणाल्या. "माझं नाव त्यावरच घाला. पार फाटकातून दिसेल असं."