मदर युलाच्या सॅलडमधले मनुके

"ठराव मान्य असणाऱ्यांनी हात वर करा," चर्चचा कारभारी, डीकन लुशस म्हणाला, आणि चर्चच्या तळघरात भराभर हात वर गेले. रोशेलच्या सख्ख्या मावशीने तर दोन्ही हात वर केले.

रोशेल टीव्हीसाठी बनवायची ते कार्टून बंद करा, असं चॅनेलला कळवायचं होतं. शिकागोच्या दक्षिण भागातली काळ्या लोकांची एक गल्ली, तिथली भांडणं, प्रेमं नि चर्च, असं ते कार्टून दर गुरुवारी लागायचं. चॅनेलवाले आधीच बिचकले होते. खुद्द रोशेलच्या चर्चने नाक मुरडलं, की ते मालिका गुंडाळणार हे नक्की होतं.

डीकन तावातावाने बोलला होता. गोऱ्यांनी आपल्याला जन्मभर विदूषक करून नाचवलं, आता आपलीच पोरगी तेच करतेय. आपल्यातलं कुणी असं वागतं का, असं त्याने टेबलावर मूठ आपटून विचारलं होतं. त्यातलं निम्मं रोशेललाही पटत होतं. म्हणूनच ती मागच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते प्रत्येकाला ठाऊक होतं. गेल्या गुरुवारच्या भागात चर्चची सहल होती. एक म्हातारी बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुके घालून आणते. सगळे वा वा करतात आणि टेबलाखाली कुत्र्याला घालतात. शेवटी कुत्रा वैतागून दुसऱ्या चर्चला जायला लागतो.

या चर्चमध्ये बटाट्याचं सॅलड ऐऱ्यागैऱ्याच्या हातचं कुणी खात नाही. ते कुणी केलंय, हे आधी विचारायचं, मगच चमचा उचलायचा. आणि सहलीचं सॅलड वर्षानुवर्षं मदर युलाकडे होतं. मदर म्हणजे चर्चची सगळ्यांत वडीलधारी बाई, अर्ध्या खोलीला तिने मांडीवर खेळवलेलं. तिच्या सॅलडमध्ये मनुके असायचे. तोंडावर सगळे बोटं चाटायचे आणि पाठ वळली की बशा गुलाबाच्या ताटव्यात रिकाम्या व्हायच्या. लहानपणी रोशेलनेही तेच केलं होतं. तो भाग रविवारी पुन्हा लागणार होता. म्हातारीने पाहिला तर तिचं काळीज फुटेल, या धास्तीने सगळ्यांना एकदम समाजाची अब्रू आठवली होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि जांभळी टोपी घातलेली मदर युला काठी टेकत आत आली. वर गेलेले हात पटापट खाली आले.

आपल्या समाजाच्या प्रतिमेबद्दल बोलत होतो, असं डीकन चाचरत म्हणाला.

"नातीने टेप करून ठेवला होता तो भाग. पाहिला मी," मदर म्हणाली.

रोशेल उठली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माफ करा मदर, एवढंच तिला म्हणता आलं. म्हातारीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लुशस, देवाच्या घरात आहेस. माझं सॅलड कुठे जातं?"

डीकनने आपल्या बुटांकडे पाहिलं. "गुलाबांत, मदर."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मदर युलाच हसायला लागली. अशी हसली की टोपी कानावर आली आणि तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं. तिचं बघून सगळं तळघर खिदळायला लागलं. हसता हसताच तिने, कार्टून चालू ठेवायचं असेल त्यांनी हात वर करा म्हणून फर्मावलं आणि आपली काठी उंचावली. हातांचं रान उभं राहिलं. मावशीचे पुन्हा दोन्ही.

"मग मदर, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?" रोशेलने डोळे पुसत विचारलं.

"वाईट कसलं, पोरी? सहल आली की माझे हात भरून यायचे बटाटे सोलून. हे मेले माझ्या हाताला सुट्टी देतील म्हणूनच तर मी मनुके घालायला लागले, आणि यांनी दरवर्षी वाढवून मागितलं."