बारा खाटांचा भूप

दिगंबर सहा वर्षं बेशुद्ध होता. त्याच्या मेंदूतल्या लहरी उशाशी ठेवलेल्या यंत्रातून सूर होऊन उमटत. डॉक्टरांनी यंत्राला भूप रागाचे पाचच सूर दिले होते, कारण त्या पाचांत काहीही वाजलं तरी कानाला बोचत नाही. वॉर्डातल्या बाराही रुग्णांजवळ अशी यंत्रं होती. नातेवाइकांना तेवढाच दिलासा, बाकी त्या सुरांना अर्थ नाही, असं डॉक्टर सांगत. म्हणूनच ती सगळी उद्या काढून टाकणार होते.

दिगंबरची बहीण सुहासिनी चाली बांधायची. दुपारी ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि कालच भूपात सुचलेली, कुणालाही न ऐकवलेली चाल गुणगुणली.

"दादा, मुखडा जमलाय रे. पण अंतरा काही केल्या सुचत नाही."

यंत्र क्षणभर गप्प झालं. मग त्यातून अंतऱ्याची पहिली ओळ आली, तिच्याच लयीत.

"ऐकतोयस तू!" सुहासिनीला रडू फुटलं.

दुसरी ओळ मात्र शेजारच्या खाटेवरून आली. तिथे एक अनोळखी म्हातारी पडून होती. तिसरी ओळ खिडकीजवळच्या खाटेवरून आली. सिस्टर दारातच थिजली.

"ताई, असं कधीच झालं नव्हतं," ती कुजबुजली.

मग बाराही यंत्रांनी सुहासिनीचा मुखडा एकदम उचलला आणि समेच्या अलीकडे सगळी थांबली. बाराही चेहरे निश्चल होते, डोळे मिटलेले. ते आपली वाट पाहताहेत, हे सुहासिनीला कळलं आणि तिच्या अंगावर काटा आला. तिने दिगंबरचा हात घट्ट धरला आणि समेचा षड्ज लावला.