नव्या फादरांचं कालवण

"नवा फादर तिखट खातो का रे?" अंजनाबाईंनी मान वर न करताच विचारलं.

फादर अन्सेल्म स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. सामान गाडीत चढलं होतं. मढच्या चर्चमधली त्यांची सहा वर्षं संपली होती आणि आज संध्याकाळच्या मिस्साला त्यांना वाकोल्याच्या चर्चमध्ये उभं राहायचं होतं. इथे त्यांच्या जागी मालाडहून फादर रेमंड यायचे होते.

"बेताचं खातात," ते म्हणाले.

"मग मिरच्या कमी घेते."

बाहेर अंगणात पताका बांधणं चाललं होतं. बँडवाले एका कोपऱ्यात सूर जुळवत होते. सगळी धामधूम नव्या फादरांसाठी. लेक सासरी जाते तेव्हा निदान रडायला चार बाया तरी थांबतात; फादर जातो तेव्हा गाव पुढच्याच्या स्वागताला लागलेलं असतं. यात कोणाचा दोष नाही. एकाच दिवशी एक जाणार आणि दुसरा येणार म्हटल्यावर माणसं तरी काय करणार?

तसा निरोप रविवारी रीतसर झाला होता. शाल, नारळ, फोटो. फादरांनी वेदीपाशी उभं राहून गाणाऱ्या पोरींचे, महिला मंडळाचे, होडीवरून आठवणीने मासळी धाडणाऱ्यांचे आभार मानले होते. टाळ्याही पडल्या. राहिल्या त्या एकट्या अंजनाबाई. त्या मिस्साला येत नसत. त्यांची देवी एकवीरा. फादरांच्या घरची चूल मात्र कितीतरी वर्षं त्यांच्याच हातात होती.

त्यांचे आभार मानल्याशिवाय फादरांचा पाय निघत नव्हता.

"अंजनाबाई, मला एक बोलायचं होतं."

"बोल ना. ते पातेलं दे आधी."

फादरांनी पातेलं दिलं. "मी इथे आलो तो पहिला दिवस आठवतो तुम्हाला? आई जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. कोणाला ओळखत नव्हतो. तुम्ही पापलेटचं कालवण आणि गरम भात वाढलात, आणि माझं जेवण होईस्तोवर समोर बसून राहिलात. काही विचारलं नाहीत. त्या दिवशी मला..."

"आठवतंय की. त्या दिवशी पास्कोल फादर असाच उभा होता. तुझ्या आधीचा. तिथंच, दारात."

फादर थांबले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"काय हवं होतं त्यांना?"

"काय तरी सांगत होता बिचारा. बराच वेळ बोलत होता." अंजनाबाईंनी खोबरं, मिरच्या, कोथिंबीर मिक्सरच्या भांड्यात भरली. "पण माझा मिक्सर चालू, काय ऐकू येतंय? तू पोचायची वेळ झालेली, कालवण अजून व्हायचं होतं. नंतर बघितलं तर गेलेला."

फादरांना एकदम फार एकटं वाटलं. त्या कालवणाची चव त्यांनी सहा वर्षं जपली होती. ते शिजत असताना दारातून कोण परत गेलं, हे आज कळत होतं.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

अंजनाबाईंनी झाकण एका हाताने दाबून धरलं आणि बटण फिरवलं. घरघर सुरू झाली. फादर त्यांच्या पाठीकडे बघत बोलू लागले. जे सांगायचं होतं ते सगळं बोलले, आईबद्दलही.

मिक्सर थांबला. अंजनाबाई वळल्या.

"काय म्हणालास?"

"काही नाही," फादर म्हणाले. "मीठ जपून घाला. त्यांना बीपी आहे."