वजन वाढेना

निपाणीच्या ब्राह्मीनं बेळगावच्या कॉलेजातून असं यंत्र घरी आणलं होतं, की मुंगीनं सुस्कारा टाकला तरी त्याचं वजन सांगावं. यंत्रातल्या स्फटिकाच्या चकतीला सोन्याचा मुलामा होता आणि त्या सोन्यावर तिनं महिनाभर खपून जंतूंना धरून ठेवणारी प्रथिनं चिकटवली होती. रोज सकाळी चकती विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या तांब्यात बुडवून ती कॉलेज गाठायची, संध्याकाळी काढून यंत्रावर ठेवायची. जंतू चिकटले की वजन वाढायला हवं. पण चार दिवस आकडा ढिम्म.

उद्या सर तपासायला येणार होते. आकडा हलला नाही, तर पीएचडी गेलीच म्हणायची. ब्राह्मी सोप्यातून परसात आणि परसातून सोप्यात नुसती येरझारा घालत होती.

"आई, एक जंतू चिकटंना गं. माझी प्रथिनंच सुटत असणार."

"चिकटत्यात की, लई चिकटत्यात," आई पदर खोचत म्हणाली आणि लगेच पुढं बोलली.

&nbsp;

"तू यायच्या आत रोज मीच चकती गाळलेल्या पाण्यानं हळूच धुतो आणि सगळ्यांना परत विहिरीत सोडून येतो, जैनाच्या घरात जीव डांबून ठेवायचे व्हय गं?"